उभं राहून गायलेलं महाभारत

आज एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या महाराष्ट्रातली नाही, पण फार लांबचीही नाही. गोंदियाहून गाडीत बसलं की डोंगरगड लागतं. नवरात्रात आपल्याकडच्या कितीतरी बाया तिथे बमलेश्वरीच्या दर्शनाला जातात. तिथून पुढे राजनांदगाव आणि मग दुर्ग, भिलाई. त्या भागात गनियारी नावाचं गाव आहे. २४ एप्रिल १९५६ ला तिथे तीजनबाईंचा जन्म झाला. तेव्हा आपला विदर्भ आणि त्यांचा छत्तीसगड एकाच राज्यात होता, आणि राजधानी होती नागपूर. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपण वेगळे झालो. म्हणजे जन्माच्या वेळी ही बाई आपल्याच राज्यातली होती म्हणायची!

घर पारधी समाजाचं. या नावाला आपल्याकडे काय काय सोसावं लागलं, ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. आपल्याकडचे फासेपारधी त्यात भरडले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण लोकांची नजर काही लगेच बदलली नाही. तीजनच्या घरी गरिबी होती आणि शाळेचा प्रश्नच नव्हता. पण आईचे वडील, ब्रिजलाल, महाभारत गाऊन सांगायचे. सबलसिंह चौहान नावाच्या कवीने फार पूर्वी पद्यात लिहिलेलं महाभारत त्या भागात घरोघरी ऐकलं जाई. ते ऐकत ऐकत नातीला पाठ झालं. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडेही ती शिकली.

या गायनाला पंडवानी म्हणतात, म्हणजे पांडवांची कथा. यात सगळ्यात लाडका असतो भीम. गाणाऱ्याच्या हातात तंबुरा आणि करताल, मागे हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा. शेजारी एक रागी असतो. आपल्याकडे पोवाड्यात झिलकरी असतो ना, तसाच. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, लोकांना हसवतो. कथा पुढे ढकलायला त्याचा मोठा आधार.

आता मुख्य मुद्दा. पंडवानीच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीत गाणारा बसून गातो आणि पोथीला धरून राहतो. कापालिक रीतीत गाणारा उभा राहतो, चालतो, वळतो, अभिनय करतो आणि आठवणीतून, मनाने भर घालत सांगतो. बाईने गायचं तर बसून, अशी पद्धत होती. उभं राहणं पुरुषांचं. तीजनबाई उभ्या राहिल्या.

ऐकायला एवढंसं वाटतं, नाही का? पण आपल्याकडची खडी गंमत आठवा. नावातच ‘खडी’ आहे, सगळा खेळ उभ्याने, आणि त्यातल्या बाईचं काम कोण करायचं? नाच्या, म्हणजे पुरुष. बाईच्या गोष्टीसुद्धा बाईने उभं राहून सांगायच्या नाहीत, ही रीत तिकडे होती तशी इकडेही होती. गटांच्या बैठकांत आम्ही अजूनही बघतो. हिशेब तोंडपाठ असलेली बाई ग्रामसभेत बोलायची वेळ आली की खाली बसल्या बसल्या, पदर सावरत, शेजारणीच्या कानात सांगते, आणि शेजारीण ते मोठ्याने बोलते. ‘जरा उभं राहून सांगा’ म्हटलं की हिशेबच विसरते. तेव्हा एका तेरा वर्षांच्या पोरीने लोकांसमोर उभं राहून भीम व्हायचं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याइतका दुसऱ्या कुणाला येणार?

होय, तेरा वर्षांची. पहिला कार्यक्रम चंद्रखुरी नावाच्या गावात झाला आणि त्याचे मिळाले दहा रुपये. त्याच्या आधी, बाराव्या वर्षी, लग्न लावून दिलेलं होतं. बाई असून पंडवानी गाते म्हणून समाजाने तिला बाहेर काढलं. तिने एक लहानशी झोपडी उभारली आणि एकटी राहू लागली. घरात भांडी नाहीत, दाणा नाही. शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणायची, धान्य उसनं घ्यायचं. नवऱ्याच्या घरी ती कधी नांदायला गेलीच नाही आणि ते लग्न मोडलं. पुढे त्यांनी पुन्हा लग्न केलं, पण गाणं सोडलं नाही.

तीजनबाईंचं कौतुक करताना लोक बहुधा ‘गरिबीतून वर आल्या’ एवढंच सांगतात. आम्हाला ते अपुरं वाटतं. गरीब तर सगळं गाव होतं. त्यांना घराबाहेर काढलं ते गरिबीमुळे नव्हे, गाण्यामुळे. आणि भांडी उसनी देणाऱ्या त्या शेजाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात, पण ते नसते तर गाणं किती दिवस टिकलं असतं, हेही बघायला हवं. समाजाने तोडलं तरी चुलीला चूल लागून असणाऱ्यांनी तोडलं नाही.

मग नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांचं गाणं ऐकलं. हबीबजी मूळ रायपूरचे. छत्तीसगडच्या खेड्यांतले कलाकार घेऊन त्यांनी ‘नया थिएटर’ चालवलं होतं. तिथून वाट मोठी झाली. तीजनबाई इंदिरा गांधींसमोर गायल्या. १९८० च्या दशकात फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, स्वित्झर्लंड, मॉरिशस अशा देशांत जाऊन आल्या, आणि गायल्या आपल्या छत्तीसगडीतच. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शनच्या मालिकेतही त्यांची पंडवानी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली, म्हणजे महिन्याचा पगार आला. पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानचा फुकुओका पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण.

पण त्यांना बघायचं ते पुरस्कार घेताना नाही, गाताना. ठसठशीत कुंकू, अंगभर दागिने, हातात मोरपिसं लावलेला तंबुरा. तोच तंबुरा खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य, कधी रथ, आणि कधी द्रौपदीचे मोकळे केस. आवाज भरदार, जरासा खरबरीत. द्रौपदीची विटंबना, दुःशासनाचा वध, भीष्म आणि अर्जुनाचं युद्ध हे त्यांचे गाजलेले प्रसंग. दुःशासनाचा वध सांगताना त्या भीमही असतात, द्रौपदीही असतात आणि मरणारा दुःशासनही असतात. भर दरबारात बाईच्या लुगड्याला हात घातला गेला आणि मोठमोठे वडीलधारे माना खाली घालून बसून राहिले, ही गोष्ट आपण कीर्तनात, टीव्हीवर किती वेळा ऐकली आहे. ज्या बाईला स्वतःच्या माणसांनी बाहेर काढलं, तिच्या तोंडून ती वेगळीच लागते.

यातल्या बऱ्याच पंडवान्या मोबाइलवर मिळतात. तीजनबाई आणि दुःशासन वध असं बोलून शोधा. पुढच्या बैठकीत वसुली आणि सह्या झाल्या की लावा. बोली छत्तीसगडी आहे. देवरी, सालेकसा भागातल्या बायांना ती सहज कळेल. बाकीच्यांना पहिली पाच मिनिटं अवघड जाईल, मग कळायला लागेल, कारण कथा तर आपलीच आहे. आवाज मात्र मोठा ठेवा.