पेडगावची हुलकावणी आणि आजचा ओटीपी

१/ दौंडजवळ भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात, पेडगावचा बहादूरगड उभा आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ म्हणजे सारे ठाऊक असूनही अजाणतेपणाचे सोंग घेणे. लोकपरंपरा या वाक्प्रचाराचा संबंध १६७४ मधील एका मोहिमेशी जोडते.

२/ ६ जून १६७४ रोजी शिवराज्याभिषेक झाला. त्या वेळी पेडगावी औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याची छावणी होती. जदुनाथ सरकारांच्या वृत्तान्तानुसार, जुलैच्या मध्यास २,००० मराठा स्वारांनी खानाला हुलकावणी देत सुमारे ५० मैल दूर नेले.

३/ त्याच वेळी ७,००० ची दुसरी फौज वेगळ्या वाटेने छावणीवर चालून आली. १ कोटीची लूट आणि बादशहाच्या नजराण्यासाठी राखलेले २०० उमदे घोडे हाती लागले. छावणीचा खरा पहारा खानाच्या सावधपणावर होता आणि नेमका तोच हलवला गेला.

४/ स्वराज्याची युद्धनीती आणि चोराची फसवणूक यांची तुलना होऊ शकत नाही. मात्र बहादूरखानाची चूक आजही अभ्यासण्याजोगी आहे. यंत्रणा न भेदता माणसालाच भुलवून गुपित काढून घेण्याच्या तंत्राला आता ‘सोशल इंजिनिअरिंग’ म्हणतात.

५/ याचे गाजलेले उदाहरण पुण्याचेच. २००५ मध्ये एम्फॅसिसच्या कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचा विश्वास संपादून त्यांचे पिन मिळवल्याचे उघडकीस आले. ३ लाख डॉलरहून अधिक रक्कम खोट्या नावांच्या खात्यांत वळवली गेली. कुलूप फोडले गेले नव्हते. मालकानेच किल्ली हाती दिली होती. पैसे काढण्याच्या प्रयत्नात आरोपी पकडले गेले.

६/ पुढे हे तंत्र घरोघरी पोहोचले. थकीत बिलामुळे आज रात्री वीज तोडली जाईल, अशा बनावट संदेशांविषयी महावितरणला ग्राहकांना वारंवार सावध करावे लागले. शिरूरचा दुकानदार असो वा दौंडचा रेल्वे कर्मचारी, डाव एकच: आधी भीती घालायची, मग घाई करायची, आणि त्या गडबडीत ओटीपी काढून घ्यायचा किंवा मोबाइलचा ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायचे.

७/ संरक्षणही त्याच क्रमाने उलटे करावे. घाई नाकारावी. आलेला फोन बंद करून बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कोणालाही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. जन्मतारीख, आधार क्रमांक, प्रवासाचे बेत उघड्यावर मांडू नयेत, कारण ओळखीचे सोंग याच तपशिलांतून उभे राहते. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

८/ खानाकडे फौज होती, तोफा होत्या, तटबंदीही होती. समोर दिसणारे २,००० स्वार हीच मराठ्यांची सारी फौज आहे का, एवढी खातरजमा मात्र त्याने केली नाही.