दचकणं आणि सावरणं

संध्याकाळच्या गर्दीत अंधेरीच्या पुलावरून पांढरी काठी टेकत उतरणारा दृष्टिहीन प्रवासी आपल्या ओळखीचा आहे. कुत्र्याच्या आधाराने उतरणारा जवळपास दिसतच नाही. आपल्या गोंगाटात कुत्रं बावचळेल, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मार्गदर्शक कुत्र्यांच्या निवडीचा इतिहास पाहिला, तर मला हे उत्तर घाईचं वाटतं. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्गला अशी पहिली शाळा निघाली. पिल्लं कोवळ्या वयातच पारखण्याची पद्धत मात्र कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या शाळेत, १९४६पासून क्लॅरेन्स फॅफेनबर्गर यांनी बसवली. आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लांसमोर अनोळखी आवाज व्हायचे, अंगावर ढकलगाडी यायची. दचकणार तर प्रत्येकच पिल्लू. मागे सरलेलं पिल्लू कान टवकारून पुन्हा त्या गाडीचं चाक हुंगायला येतं की कोपऱ्यातच थरथरत बसतं, खरी पारख तिथे आहे.

पण या पद्धतीतून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट चाचणीच्या बाहेरची होती. जॉन पॉल स्कॉट यांच्यासह फॅफेनबर्गरांनी ती १९५९ साली मांडली. चाचणीत उतरलेली जी पिल्लं आठवड्याभरात एखाद्या कुटुंबात वाढायला गेली, त्यांतली सुमारे ९० टक्के पुढे मार्गदर्शक झाली; तीन आठवड्यांहून अधिक काळ श्वानगृहातच राहिलेल्यांतली जेमतेम ३० टक्के. चाचणी तीच, निकाल तोच, तरी एवढी तफावत! भित्रेपणा रक्तातूनही येतो, हा आक्षेप खराच आहे. पण ऑस्ट्रेलियात गॉडर्ड आणि बाइलहार्ट्स यांनी १९८६ साली दाखवलं की अगदी लहान वयातल्या चाचणीवरून मोठेपणीचा भित्रेपणा नीट सांगता येत नाही. वय वाढतं तसा अंदाज सुधारतो. म्हणजे मुंबईच्या उपनगरांसाठी कुत्रं हवं असेल, तर ते शांत आवारात वाढवून एकदाच पारखणं व्यर्थ आहे. तिसऱ्या महिन्यापासून ते घाटकोपरच्या जिन्यांवर, बोरिवलीच्या फलाटावर वाढायला हवं आणि त्याची पारखही तिथेच, पुन्हापुन्हा व्हायला हवी.

ही हवा, ही गर्दी कुत्र्याला झेपते का? १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं, ते याच महानगरात. अर्थात पोलिसांच्या कुत्र्यामागे डोळस माणूस असतो. मार्गदर्शक कुत्र्याला मात्र मालकाने 'चल' म्हटलं तरी समोरून रिक्षा येताना पाय रोवून उभं राहावं लागतं. त्यामुळे जंजीरच्या कामगिरीवरून फार तर गर्दीचा आक्षेप सुटतो. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि सॅन राफेलच्या ढकलगाडीत त्याला उत्तर नाही. इथली चाचणी त्यासाठी नव्यानेच रचावी लागेल. मुलुंडच्या एखाद्या नाक्यावर चार कुत्री भुंकत अंगावर आली, तर जवान कुत्रं किती वेळात पुन्हा आपल्या माणसाकडे लक्ष वळवतं, हे तिथे मोजावं लागेल.