बाळ रांगायला लागलं? आधी बाथरूममधली बादली रिकामी करा

साधारण सात ते दहा महिन्यांदरम्यान बहुतेक बाळं रांगू लागतात, मग वस्तू धरून उभी राहतात. अशा वेळी घरातला सहज नजरेआड होणारा धोका म्हणजे पाण्याने भरलेली बादली.

या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं. बादलीत डोकावताना तोल गेला, तर बाळ डोक्यावर आत पडतं आणि स्वतःला वर काढू शकत नाही. नाक-तोंड बुडेल एवढं, दोन इंच पाणीही जीवघेणं ठरतं. बुडताना बाळ बहुतेकदा ओरडत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतही कळत नाही.

म्हणून वापर झाला की बादली, टब पालथे घाला. पाणी साठवावंच लागत असेल, तर घट्ट झाकण लावा आणि बाथरूमला बाहेरून कडी घाला.

मग स्वतः रांगत घर पाहा. पलंगाखालची नाणी, लोंबणारी इस्त्रीची वायर, सिंकखालचं फिनाईल तेव्हाच दिसतं. रिमोटमधला चपटा सेल गिळल्यास अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. तातडीने रुग्णालय गाठा.

एवढं करूनही बाळावर नजर हवीच.