मेगर, टेस्ट लॅम्प आणि गोवंडीचे पत्रे

पाऊस लागला की गोवंडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भिंतीला करंट येतोय." पक्क्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा झिणझिण्यांवर भागतं. पण रुळांपलीकडे शिवाजीनगर-बैंगनवाडीत कित्येक घरांची भिंतच पत्र्याची असते, आणि पत्रा म्हणजे एक मोठी उघडी वायरच की!

मुंबईत विजेचे दिवे लागले १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात. (ती कंपनी लगेच बुडाली, ते असो.) इन्सुलेशनमधून गळणारी वीज पकडायचं यंत्रही फार उशिरा आलं नाही. इंग्लंडमध्ये एव्हरशेड आणि विग्नोल्स यांनी १८८९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, १९०३ मध्ये त्याचं 'मेगर' असं बारसं झालं. दांडा गरागरा फिरवायचा, आतला छोटा डायनामो ५०० व्होल्ट देतो आणि काटा मेगओहम दाखवतो. आपला मल्टिमीटर इथे कामाचा नाही. त्याच्या बॅटरीच्या चिमूटभर व्होल्टेजला तडकलेलं रबरही ठणठणीत वाटतं.

पद्धत सोपी आहे. मेन बंद करायचा, बल्ब काढायचे, बटणं मात्र चालू ठेवायची, नाहीतर बटणापुढची वायर तपासलीच जात नाही. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी मोजायचं. आकडा कमी आला तर मधला जोड सोडवून अर्धं-अर्धं मोजत जायचं. म्हणजे आपली बायनरी सर्चच! पण दहा जोड थोडेथोडे ओलसर असले, प्रत्येकी ५ मेगओहमचे, तर सगळे मिळून अर्धाच मेगओहम दिसतो आणि आरोपी कुणीच सापडत नाही. मेमरी लीक शोधणाऱ्यांना हे दुःख समजेल.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हे सगळं आलं होतं. (त्याच वर्षी आमच्या शेजारी ट्रॉम्बेला टाटांचं वीज केंद्र सुरू झालं.) नियम ४८: जोडणीआधी ५०० व्होल्ट, एक मिनिट, किमान १ मेगओहम. नियम ४६: त्यानंतर निदान दर पाच वर्षांनी तपासणी. कागदावर चोख. मी मात्र घरोघरी मेगर घेऊन फिरणारा माणूस आजवर पाहिलेला नाही.

फ्यूज आहे ना, असं कुणी म्हणेल. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ५ अँपियरचा फ्यूज ५० मिलीअँपियरच्या गळतीकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तेवढ्यानं जीव जाऊ शकतो. ३० मिलीअँपियरला तुटणारा ब्रेकर हवा. पण २०१० च्या नव्या नियमांतही कमी भाराच्या घरगुती जोडण्यांना त्यातून सूट होती. एक पंखा, दोन दिवे, वर पत्रा... सूट नेमकी यांनाच!

मग उरतो गल्लीतला वायरमन आणि त्याचा टेस्ट लॅम्प. सगळं बंद करून, न्यूट्रल सोडवून, फ्यूजच्या जागी बल्ब लावायचा. पेटला तर गळती. युक्ती झकास आहे, पण ६० वॉटचा बल्ब नीट पेटायला साधारण २६० मिलीअँपियर लागतात. तीस-चाळीसला तो अंधाराच दिसतो.