अर्नाळा बेट

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील, वैतरणा नदीच्या मुखावरचे वस्ती असलेले छोटे बेट (सुमारे १९.४६° उ., ७२.७३° पू.). किनाऱ्यावर अर्नाळा गाव आहे आणि मुखाच्या उत्तरेला, पालघर तालुक्यात, दातिवरे. गावापासून बेट वेगळे ओळखता यावे म्हणून त्याला ‘अर्नाळा किल्ला’ म्हणतात. बेटावरच्या ग्रामपंचायतीचे नावही तेच आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. अर्नाळा गाव आणि बेट मात्र ग्रामपंचायतींकडेच राहिले.

विरार स्थानकाच्या पश्चिमेकडून आगाशीमार्गे सुमारे १० किमीवर अर्नाळा गाव लागते. तिथून कोळीवाड्यातून किनाऱ्यावर यायचे आणि होडीने खाडी ओलांडायची. अंतर जेमतेम काही मिनिटांचे. पण भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे लागते. या किनारपट्टीवर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरांहून वर चढते आणि ओहोटीला लांबवर चिखल-वाळू उघडी पडते. आजारी माणसाला किंवा बाळंतपणाला निघालेल्या बाईलाही याच वाटेने यावे लागते. मुंबईच्या लोकलपासून इतक्या जवळच्या वस्तीची ही अवस्था आहे, हे तिच्या वर्णनात ठळकपणे यायलाच हवे.

भूरचना : पालघर-वसईचा सारा पाया दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा थरांवर थर पसरत गेला. त्याला जन्म देणारा तप्तबिंदू आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. अटलांटिकमधील अझोरिस किंवा मदेइरा ही ज्वालामुखी बेटे समुद्रातून उंच डोंगरांच्या रूपात वर आली. तिथला लाव्हा तुलनेने ताजा आहे, कडे उभे आहेत. अर्नाळ्याच्या परिसरातला लाव्हा त्या मानाने फार जुना. कोट्यवधी पावसाळ्यांनी तो झिजला आणि किनाऱ्यावर सखल भूमी उरली. अर्नाळ्याला डोंगर नाही. वाळूचे काठ, नारळाची झाडे आणि मधोमध काळ्या पाषाणाचा किल्ला एवढेच दुरून दिसते.

वैतरणा नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकजवळच्या डोंगरांत उगम पावते. तानसा, पिंजाळ, देहर्जा, सूर्या यांचे पाणी घेऊन ती या बेटाच्या कुशीत समुद्राला मिळते. किल्ल्यात त्र्यंबकेश्वराचेच मंदिर आहे, त्यामुळे नदीच्या उगमाचा देव तिच्या मुखावरही भेटतो. मुंबईचे काही मोठे जलाशय याच खोऱ्यात आहेत : तानसा (१८९२), मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. धरणांमागे गाळ अडतो, खाडीतून रेतीचा बेसुमार उपसा होतो आणि पावसाळ्यातल्या लाटा काठ खात राहतात. बेटाची धूप ही इथली सर्वांत गंभीर समस्या आहे. किनाऱ्यालगतची घरे समुद्राने नेली आहेत, आणि संरक्षक बंधाऱ्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे.

इतिहास : नदीच्या तोंडावर नजर ठेवता येते, म्हणून या जागेला महत्त्व आले. गुजरातच्या सुलतानाने १५१६ च्या सुमारास येथे गढी बांधली, असे सांगितले जाते. पुढे वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. ते या बेटाला ‘गायींचे बेट’ म्हणत. १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकले आणि पेशवा बाजीरावाच्या आज्ञेने किल्ला नव्याने उभा राहिला. उत्तर दरवाजावरच्या मराठी शिलालेखात ही हकिगत कोरली आहे. तो वाचायला मान वर करून थोडा वेळ थांबावे, दरवाजावरचे हत्ती आणि शरभही बघावेत. तटाची प्रत्येक बाजू सुमारे ७०० फूट, उंची सुमारे १० मीटर. आत अष्टकोनी तलाव, विहिरी, भवानीचे मंदिर आणि मुस्लिम संतांची थडगी आहेत. तटाच्या आत शेतीही होते. समुद्राने वेढलेल्या जागी गोडे पाणी मिळते, म्हणूनच ही वस्ती टिकली. दक्षिणेकडे, तटापासून अलग, एक गोल बुरूज एकटाच पहारा देत उभा आहे.

१७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला घेतला. सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांना परत मिळाला आणि १८१७ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला.

लोक : वस्ती मुख्यतः कोळ्यांची. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला आणि वैती हे त्यांतले मोठे समाज. मासेमारीचा कणा म्हणजे डोल जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना हे लांबट पिशवीसारखे जाळे बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत लोटतो, त्यामुळे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, प्रवाहाची वेळ तोंडपाठ असावी लागते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही डोलीची मासळी; पापलेट आणि घोळ वेगळ्या जाळ्यांत. बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडीजोडीने अडकवून वाळवतात. विक्री बायकांच्या हातात असते. टोपली घेऊन खाडी पार करणे, मग विरार-नालासोपाऱ्याचा बाजार गाठणे आणि भाव ठरवणे हे त्यांचे काम. घरचा हिशेब त्याच भावावर चालतो.

यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ. तेव्हा जाळी विणली जातात, होड्या डागडुजीला काढतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगामासाठी मन तयार होते.

खुंट रोवण्याच्या ठरावीक जागेला ‘कव’ म्हणतात. अर्नाळा, वसई, उत्तन, मढ येथील मच्छीमारांनी उत्तरेला सातपाटी-डहाणूसमोरच्या समुद्रात कवी मारल्या. त्यामुळे आपल्याला मासेमारीस जागा उरत नाही, अशी तिकडच्या कोळ्यांची तक्रार आहे. हा वाद अनेक वर्षे धुमसतो आहे. दोन्ही बाजू एकाच व्यवसायाच्या आणि एकाच समुद्रावर पोट असलेल्या आहेत, मासळी मात्र कमी होत चालली आहे. त्यामुळे बैठका झाल्या तरी कवीच्या हद्दीचा प्रश्न पुढच्या हंगामात पुन्हा उभा राहतो.