दानपेटीवरचं नाव

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून.

तर झालं असं. सौंदडपासून जवळच एका छोट्या यात्रेला गेलो होतो. मंदिराच्या पायरीवर लोखंडी दानपेटी, तिला पितळी कुलूप आणि पेटीच्या अंगावर क्यूआरचा स्टिकर. खिशात सुटे नव्हते म्हणून फोन काढला, स्कॅन केलं, ५१ टाकले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. ते मंदिराचं नव्हतं, समितीचंही नव्हतं. कुणातरी माणसाचं होतं, आडनावासकट.

मी थांबलो. बाजूला बसलेले एक काका म्हणाले, "काय पाहून राहिला बाबू?"

मी नाव दाखवलं. ते हसले. "तो आमच्या समितीतल्याचाच पोरगा हाये. समितीचं खातं निघालं नाही अजून."

मी फोन खिशात ठेवला, शेजारच्याकडून शंभराचे सुटे घेतले आणि पन्नासची नोट पेटीत टाकली. घरी येताना डोक्यात एकच किडा. पेटीवर तर कुणाचंच नाव नव्हतं! मग तिच्यावर विश्वास कसा बसला?

याचं उत्तर शोधायला जरा मागे जाऊ. फार लांब नाही, पवनीला. वैनगंगेकाठचं पवनी भंडारा जिल्ह्यात, आणि आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातूनच वेगळा झाला, म्हणजे आपल्याच जुन्या जिल्ह्यातलं गाव. तिथे १९६९-७०मध्ये उत्खनन झालं आणि इ.स.पूर्व काळातला बौद्ध स्तूप सापडला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. कार्ल्याच्या लेण्यात तर खांबांवर आणि दारांवर अशी नावं आहेत. एक अत्तरवाला, एक सुतार, धेनुकाकटचे यवन. राजाने एकट्याने बांधलेलं हे काम नाही. ही वर्गणी आहे, आणि तिची पावती दगडात आहे.

पण मला सगळ्यात आवडतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांतला लेख, लेणं क्रमांक १०. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापणं ठेवली. कुठे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. २०००चं वर्षाचं व्याज २४०. लेखात सांगितलंय की लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं कपड्यांसाठी द्यायची. वीस बारे दोनशेचाळीस. हिशेब पैशापैशाला जुळतो, जवळपास १९०० वर्षांनंतरही.

आणि पुढे एक ओळ आहे. हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं, अशा अर्थाची. म्हणजे जावई राजाचा असला तरी दान चारचौघांत ऐकवायचं आणि लिहून ठेवायचं. मला हीच खरी गंमत वाटते.

मधली शतकं पटकन ओलांडू. दानपेटी आली, गणपतीची वर्गणी आली, तिच्यासोबत पावतीपुस्तक आलं. स्वातंत्र्यानंतर १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा झाला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि वर्षाचं ऑडिट त्यात आलं.

मग आला क्यूआर. हा चौकोन १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला होता, दक्षिणेसाठी नाही! इंग्लंडमधल्या चर्चमध्ये आणि म्युझियममध्ये दानासाठी कार्ड टेकवायचं यंत्र ठेवतात. यंत्र म्हटलं की विकत घ्या, चार्ज करा, सांभाळा. आपल्याकडे २०१६मध्ये यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी नोटाबंदी आली, आणि कागदाचा एक तुकडा पुरेसा झाला. म्हणून तो शिर्डीपासून आमच्या पायरीपर्यंत पोचला. शिर्डीत तर नाणी इतकी येतात की बँका म्हणाल्या, ठेवायला जागा नाही. तिथे क्यूआर म्हणजे सुटकाच.

पण कागद कुणीही चिकटवू शकतो. एप्रिल २०२३मध्ये केदारनाथ आणि बद्रीनाथला दानाच्या क्यूआरचे फलक दिसले. मंदिर समितीने ते काढले, पोलिसांत तक्रार केली. नंतर कळलं की समितीनेच २०१८मध्ये पेटीएमशी करार केला होता! चोरी नव्हती, नोंदीचा विसर होता. जानेवारी २०२५मध्ये खजुराहोत मात्र खरीच फसवणूक झाली. दुकानांच्या क्यूआरवर रातोरात दुसरे स्टिकर लावले गेले, आणि गिऱ्हाईकांचे पैसे भलत्याच खात्यात.

आता माझा किडा. पेटीवर नाव नसतं, पण ती चारचौघांत उघडते. चटई अंथरतात, नाणी ओततात, पंच बसतात, पोरं दहा-दहाच्या चवडी लावतात. ती नगराची सभाच की. क्यूआरने पैसा सोपा केला, पण ही मोजणी गुपचूप एका फोनमध्ये नेली. पोरगा प्रामाणिक असेलही. त्यालाच उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला काय आहे त्याच्याकडे? घरच्या किराण्याचे आणि देवाचे पैसे एकाच खात्यात.

काकांनी निघताना सांगितलं होतं, "उद्या सकारी मोजणी हाये, ये पाहाले." मी गेलो. नाण्यांची मोजणी झाल्यावर मी हळूच विचारलं, क्यूआरचे किती? सगळे त्या पोराकडे वळले. तो लाजला, तडा गेलेल्या स्क्रीनचा फोन काढला आणि यात्रेच्या दिवसाची यादी उघडून काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावला. २१, ११, १०१, ५१... एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले. दुसरा वहीत लिहीत होता. फोन चटईवर फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा बॅटरी चार टक्के होती, आणि कुणीतरी चार्जर आणायला धावलं.