वेताळ पडद्यावर

वेताळ म्हणजे ली फॉक यांचा ‘फँटम’. फॉक यांनी त्याला १९३६ साली वृत्तपत्रात आणले. भारतात तो मार्च १९६४पासून टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघरी पोचला. मराठी आवृत्तीमुळे संगमनेर-कोपरगावकडच्या मुलांनाही त्याची कवटीची अंगठी ओळखीची झाली. १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडले.

पुढे सहा वर्षांनी, जून १९९६मध्ये, दिग्दर्शक सायमन विन्सर यांचा ‘द फँटम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. बिली झेन वेताळ झाले होते. फॉक यांच्या सुरुवातीच्या कथांमधले समुद्री चाचे आणि विमानातून लूटमार करणाऱ्या स्त्रियांची टोळी त्यात एकत्र आली. समीक्षकांत मात्र फूट पडली. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे देऊन त्याच्या देखणेपणाची मनापासून तारीफ केली. इतर अनेकांना कथा पातळ आणि नायक फार सरळ वाटला. अमेरिकेत तो सुमारे १.७ कोटी डॉलरवरच थांबला, खर्चाच्या निम्म्याहूनही खाली.

दिग्दर्शक जो दान्ते यांनी आधी या पटकथेवर काम केले होते. त्यांच्या मते ती विनोदी अंगाने लिहिलेली होती, पण चित्रित झाली गंभीरपणे. तरीही ईबर्ट यांचा कौल अधिक न्याय्य वाटतो. वेताळाचा भाबडा सरळपणा हेच इंद्रजालच्या वाचकांचे खरे आकर्षण होते, आणि झेन यांनी तो जराही लाज न बाळगता जपला. — संपादक